चार्ज कुणी घेतला?

त्या दिवशी सकाळपासून इनचार्जबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता आणि सारं घर त्या एका नळाभोवती फिरत होतं. सून ओट्याखाली बादल्या लावत होती. यजमान हातात पाना घेऊन, काहीच न करता, फार कामात असल्यासारखे उभे होते. नळ दुरुस्त करणारा माणूस दहाला येतो म्हणाला होता, तो साडेदहाला उगवला आणि आल्या आल्या वॉशर विसरलो म्हणून परत गेला.

"ह्याला माझ्या वॉर्डात ठेवला असता ना, तर आठ दिवसांत सरळ केला असता," इनचार्जबाई म्हणाल्या.

"नशीब त्याचं," यजमान म्हणाले, आणि सून ओट्याखाली तोंड लपवून हसली.

बाई निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, पण सगळे त्यांना इनचार्जबाईच म्हणत. वॉर्डच्या इनचार्ज म्हणून त्यांनी एकोणीस वर्षं अशी काढली होती, की नवे डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर बुटांचा आवाज न करता चालत. एकाच वर्षी नर्सिंग शिकायला आलेल्या बेचाळीस जणींचा फोनवर ग्रुप होता. त्याच्याही इनचार्ज अर्थातच ह्याच.

ग्रुपवर रोज सकाळी फुलं यायची. गुलाब, कमळं, दवबिंदू, खाली शुभेच्छा. एकीने पाठवली की बाकीच्या जोडलेल्या हातांचं चित्र टाकायच्या. कुणाच्या नातवाचा पहिला दात, जोडलेले हात. कुणाच्या नवऱ्याचं ऑपरेशन, जोडलेले हात. आपल्या काळात ह्या हातांइतका सोयीचा शोध दुसरा लागला नसेल. त्यांना उठावं लागत नाही, चपला घालाव्या लागत नाहीत, समोरच्याच्या कपाळाला लागावंही लागत नाही. आणि तरी आपण काहीतरी केलं असं समाधान मात्र पुरेपूर मिळतं.

सहा महिन्यांपूर्वी ग्रुपवर आजारपणं फार झाली, तेव्हा इनचार्जबाईंनी एक नियम केला. "इथे आनंदाच्याच गोष्टी टाकायच्या. रडगाणी एकमेकींना फोन करून सांगा." सगळ्यांना तो पटला. त्या नियमाखालीही हात जोडले गेले.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी ग्रुपवर भिरभिरीचा मेसेज आला.

भिरभिरी हे नाव तिला शिकत असतानाच पडलं होतं. अंगाने काडी, पण वॉर्डात घंटा वाजली की हातातलं टाकून पहिली पळणारी तीच. घंटा तिच्या खाटांची असो की दुसरीच्या. "अगं, तुझे पेशंट नाहीत ते," असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "घंटेला कुठे ठाऊक असतं ते?" नवरा लवकर गेला. एक लेक होती. ती औषधं पॅक करण्याच्या कारखान्यात मशीनवर उभी असायची आणि तिथे कामाच्या वेळात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागे.

भिरभिरीने लिहिलं होतं, "नियम मोडतेय, रागावू नका. सकाळपासून पाठीत, दोन खांद्यांच्या मधे दुखतंय. जबडा जड झालाय, घाम येतोय. लेक कामावर गेली. जवळपास कुणी असेल तर जरा येऊन नाडी बघा. घाई नाही."

वाचकहो, ह्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या पाहिल्या होत्या. तिला स्वतःची सापडत नव्हती असं नाही. पण दवाखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला स्वतःसाठी ॲम्ब्युलन्स बोलवायची लाज वाटते. नुसता गॅस निघाला तर? लोक हसले तर? तिला फक्त कुणीतरी शेजारी बसून "चल, जाऊया" म्हणायला हवं होतं.

मेसेजखाली उत्तरं धडाधड आली. रेडिओने लिहिलं, "गॅसच असणार. कोमट पाणी पी." (तिचं तोंड कधी बंद नसायचं म्हणून ती रेडिओ.) कुणी लिहिलं, काल जड जेवलीस का? कुणी, डाव्या कुशीवर झोप. कुणी लाल बदाम टाकला. आणि हात. एकापाठोपाठ एक, जोडलेले हात.

इनचार्जबाईंनी मेसेज वाचला तेव्हा दहा बावन्न झाले होते. पाठ, जबडा, घाम. असल्या बायका त्यांनी खाटेवर पाहिल्या होत्या. गॅस गॅस म्हणत आलेल्या आणि परत न गेलेल्या. त्यांचं बोट फोन करायच्या खुणेवर गेलंसुद्धा.

"आई, बादली भरली!" सून आतून ओरडली.

भिरभिरीचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जायचं. बाईंना एकदम आठवलं, शेपटा तर तिच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते! (शेपट्याचा गुडघ्यापर्यंतचा शेपटा कधीच कापला गेला होता, नाव तेवढं राहिलं होतं.) बाईंनी ग्रुपवर लिहिलं, "शेपटा, तू जवळ आहेस. लगेच जा. नाडी आणि प्रेशर बघ, शंका वाटली तर सरळ दवाखान्यात ने." लिहिलं, पाठवलं, फोन फ्रिजवर ठेवला आणि बादली उचलायला गेल्या.

"काय झालं हो आई? चेहरा असा का?" सुनेने विचारलं.

"काही नाही गं. एका मैत्रिणीला बरं नाही. लावली सोय."

लावली सोय! हे दोन शब्द त्यांनी ज्या निर्धास्तपणे उच्चारले, त्याच निर्धास्तपणे तुम्ही आम्ही ते रोज उच्चारतो.

इथे नर्सच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. पाळी संपते तेव्हा जाणारी नर्स येणारीला चार्ज देते. म्हणजे प्रत्येक खाटेपाशी दोघी उभ्या राहतात. ह्याला ताप आहे, ह्याची सलाईन बाराला बदलायची. येणारी ऐकते आणि तोंडाने म्हणते, "घेतला." मग वहीत सही. सही होईपर्यंत जाणारीने वॉर्डचा उंबरठा ओलांडायचा नाही, गेटवर कुणी का वाट पाहत असेना. फार वर्षांपूर्वी एकदा शेपटा घाईत होती. खाटांचं सगळं सांगून झालं होतं, पण येणारी नर्स तेवढ्यात हात धुवायला गेली आणि शेपटा निघून आली. इनचार्जबाईंनी शिपाई पाठवून तिला बसस्टॉपवरून परत आणली आणि साऱ्या वॉर्डादेखत सुनावलं, "ऐकणारी 'घेतला' म्हणेपर्यंत पेशंट तुझा. सांगितलं म्हणजे सुटलीस असं समजू नकोस."

त्याच बाई आज मेसेज पाठवून बादल्या भरत होत्या.

आणि शेपट्याने तर तो ग्रुप वर्षापूर्वीच गप्प करून ठेवला होता. रोजच्या साठ-साठ फुलांनी तिचा फोन अख्खा दिवस कुरकुरत राही, म्हणून. ती दिवसातून एकदा, दुपारच्या चहाला बसली की, सगळी फुलं एकदम बघायची.

इकडे इनचार्जबाईंचा मेसेज पडला आणि ग्रुपमधल्या साऱ्यांचा जीव भांड्यात पडला. बाईंनी सांगितलंय म्हणजे झालंच. अकरा वाजून दोन मिनिटांनी भिरभिरीने लिहिलं, "शेपटा येतेय ना? मग दार नुसतं लोटून ठेवते. उठवत नाही परत." अकरा वीसला कुणीतरी नवराबायकोचा विनोद टाकला. त्याखाली सतरा हसरे चेहरे आले. सव्वाला जेवण झाल्यावर इनचार्जबाईंनी फोन पाहिला. दार लोटून ठेवल्याचं वाचलं, त्यावर अंगठा दिला आणि नळवाल्याला पुन्हा फोन लावला. त्याला त्या दिवशी त्यांनी सहा वेळा फोन केला. भिरभिरीला एकदाही नाही.

शेपट्याने चहा ओतला तेव्हा पावणेचार वाजून गेले होते. कप तसाच टाकून ती घरातल्या सपातांनिशी पळत सुटली. एकसष्ट वर्षांची बाई दोन गल्ल्या पळाली. दार लोटलेलंच होतं. दारासमोरच्या खुर्चीत भिरभिरी बसली होती. केस नीट विंचरलेले, मांडीवर प्रेशरचं यंत्र, शेजारच्या स्टुलावर येणारीसाठी पाण्याचा झाकलेला पेला. हात गार पडले होते. डॉक्टर म्हणाले, दीड-दोनच्या सुमाराला गेल्या असाव्यात.

पुढच्या रविवारी नर्सिंग शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. टेबलावर फोटो, फोटोला हार, समोर खुर्च्यांच्या रांगा. बेचाळिसांतल्या तीसेक जणी आल्या होत्या. मरणाला माणसं वेळ काढून येतात, हा आपला जुना गुण आहे. भाषणं झाली. सेवेची मूर्ती, हसतमुख, दुसऱ्याच्या हाकेला धावणारी. पहिल्या रांगेत भिरभिरीची लेक आईचा फोन मुठीत धरून ऐकत होती.

शेपटा शेवटच्या रांगेत एकटी बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि त्या रिकाम्या का आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवस फोनाफोनी चालली होती. दोन गल्ल्या, अगं, फक्त दोन गल्ल्या! चहा पीत बसली म्हणे! इनचार्जबाईंच्या कानावर हे आलं होतं आणि त्यांनी ते खोडून काढलं नव्हतं. होकारही दिला नव्हता. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या होत्या. त्या "हं"ने त्यांना चार रात्री झोप दिली नव्हती.

मग रेडिओ माइकपाशी आली. "मला नाव घ्यायचं नाही," ती रडत म्हणाली, "पण हाकेच्या अंतरावर असून ज्या गेल्या नाहीत, त्यांनी आपल्या मनाला विचारावं." माना मागे वळल्या. शेपट्याने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

तेव्हा लेक उठली. कारखान्यातली मुलगी, भाषणाची सवय नाही. तिने माइक घेतला, तो आधी उलटा धरला, मग सरळ केला.

"मला बोलता येत नाही. मी वाचून दाखवते," ती म्हणाली. "आईच्या फोनवर तिच्या मेसेजवर बोट दाबून धरलं ना मावशी, की तो कुणी किती वाजता वाचला ते दिसतं. मला हे माहीत नव्हतं. परवा बोट चुकून दाबलं गेलं."

आणि ती वाचू लागली. नाव आणि वेळ. नाव आणि वेळ. दहा एक्केचाळीस. दहा बेचाळीस. दहा त्रेचाळीस. दहा चव्वेचाळीस, तिघी. तिचा आवाज चढला नाही की फुटला नाही. वॉर्डातल्या वहीतल्या नोंदी वाचाव्यात तशी ती वाचत होती. दहा बेचाळीसला वाचलं होतं ते रेडिओने. तिचं नाव आलं तशी ती माइकजवळची खुर्ची चाचपडत खाली बसली. दहा बावन्न, इनचार्जबाई. छत्तीस जणींनी बाराच्या आत वाचलं होतं. चौघींनी जेवायच्या वेळेला. सगळ्यात शेवटचं नाव शेपट्याचं, तीन शेहेचाळीस.

"आणि तीन छप्पनला शेपटामावशींचा मला कारखान्यात फोन आला, ऑफिसच्या नंबरवर. म्हणजे वाचल्यापासून दहा मिनिटांत त्या आईपाशी होत्या," लेक म्हणाली. "एक्केचाळीस जणींनी वाचलं. गेल्या त्या एकट्या. त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही म्हणून विचारते, बाकीच्या चाळीस जणी कुणाशेजारी बसणार?"

मधल्या रांगेतून एक बाई चाचरत म्हणाली, "अगं बाळा, मी चपला घातल्या होत्या गं. मी रिक्षा बघायला उतरणार होते. पण बाईंचा मेसेज आला, शेपटा जातेय. मग मी... चपला काढल्या."

"मीही फोन लावत होते," दुसरी म्हणाली. "मग म्हटलं, शेपटा पोचेलच, उगाच दोघींना कशाला त्रास."

"ॲम्ब्युलन्स मीच सांगणार होते..."

मागून शेपटा पहिल्यांदा बोलली. हळूच बोलली, पण ऐकू गेलं सगळ्यांना. "मी 'घेतला' म्हटलं नव्हतं, बाई."

इनचार्जबाई उठल्या. त्यांना गप्प बसणं फार सोपं होतं. वयाने मोठ्या, मानाने मोठ्या, चार जणींनी आपणहून त्यांची बाजू घेतली असती.

"ती खरं बोलतेय," त्या म्हणाल्या. "पोरी, मला तुझ्या आईचा आजार वाचल्या वाचल्या कळला होता. ह्यांच्यातल्या कुणाला कळला नसेल, मला कळला होता. मी एका ओळीत तो शेपट्याच्या गळ्यात टाकला आणि हात झटकले. तिने पाहिलं की नाही, विचारलं नाही. ह्या दोघी-तिघी निघाल्या होत्या, त्यांना माझ्या त्या ओळीने घरी बसवलं. आणि तुझ्या आईने ॲम्ब्युलन्स बोलावली नाही, कारण मी सांगितलं होतं की कुणीतरी येतंय. आणि चार दिवस मी शेपट्याला बोल लावू दिला. हा माझा दुसरा गुन्हा."

बऱ्याच जणी रडू लागल्या. रेडिओ तर हमसून हमसून. लेक मात्र कोरड्या डोळ्यांनी उभी होती.

"मावशी, तुम्ही खरं बोललात ते बरं झालं," ती म्हणाली. "पण आई त्याने उठून बसणार नाही. आता ग्रुपवर तिच्या फोटोखाली हात जोडू नका. एवढं करा." तिने माइक टेबलावर ठेवला आणि जाऊन शेपट्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

घरी आल्यावर यजमानांनी नेहमीप्रमाणे समजूत घालायला घेतली. "तू एकटी होतीस का? चाळीस जणी होत्या. स्वतःला किती लावून घेशील?"

"हेच, अहो, हेच!" बाई एकदम कडाडल्या. "चाळीस जणी होत्या म्हणूनच ती मेली. एकटीला कळवलं असतं तर ती एकटी गेली असती. चाळिसांत चार्ज वाटला की कुणाच्याच वाट्याला काही येत नाही, ना काम, ना पाप!"

दुरुस्त झालेल्या नळातून एक थेंबही पडत नव्हता. बाईंना ती शांतता सोसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. "आनंदाच्याच गोष्टींचा नियम मी केला होता, तो मोडला. आजपासून एकच नियम. कुणी संकटाचं काही लिहिलं, की पहिल्या वाचणारीने तिला फोन करायचा, बोलायचं, आणि मग इथे लिहायचं, 'घेतला.' ते दिसत नाही तोवर पेशंट वाचणाऱ्या प्रत्येकीचा."

संध्याकाळपर्यंत त्या मेसेजखाली एकतीस उत्तरं आली. एकतीसच्या एकतीस जोडलेले हात.

सुनेला वाटलं, आता सासूबाई फोन भिंतीवर आपटतात. त्यांनी चष्मा पुसला, जुन्या हजेरीपटाच्या क्रमाने नावं कागदावर उतरवली आणि पहिला नंबर लावला. पहिली रेडिओच होती.

"अगं, वाचला की मी! हात जोडले ना!" रेडिओ म्हणाली.

"हात जोडून नाडी लागत नाही. तोंडाने बोल."

मग रेडिओ, जिचं तोंड कधी बंद नसायचं ती रेडिओ, एकच शब्द बोलली. "घेतला."

चाळीस फोनांना तीन दिवस लागले. काही जणी चिडल्या. दोघींनी ग्रुप सोडला. एकीने ऐकवलं, "स्वतःचं पाप आमच्या माथी मारू नका." बाईंनी ते ऐकून घेतलं, कारण त्यात थोडं खरं होतं. प्रत्येकीकडून शब्द घेतला, की त्या नावापुढे त्या खूण करत.

शेवटी कागदावर एकच नाव राहिलं, भिरभिरी. तो नंबर ग्रुपमधून काढायला बाईंचं बोट धजलं नव्हतं. त्यांनी तो लावला. आपण हा नंबर त्या दिवशी लावला नाही, हे त्यांना घंटी वाजता वाजता पुन्हा आठवलं.

"बोला, मावशी," लेकीचा आवाज आला.

"काही नाही गं. फक्त विचारायला केला. कशी आहेस?"

ठीक आहे, असं लेक म्हणणार होती. सगळ्यांना ती तेच सांगत होती. पण ती थांबली. "आज कामावर गेले नाही," ती म्हणाली. "त्या खुर्चीकडे बघत बसलेय सकाळपासून. दार लावायला उठवत नाहीये."

"घेतला," इनचार्जबाई म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस. मी निघालेच."

सुनेने जेवणाचं ताट वाढलेलं होतं, ते तसंच राहिलं. बाईंनी फोन कानाला लावूनच चपला घातल्या, फोन कानाला लावूनच पहिली बस पकडली, मग दुसरी. लोटलेल्या दारापाशी पोचल्यावर त्यांनी सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. घरातून निघाल्यापासून एक तास दहा मिनिटं झाली होती. त्या दिवशीही तेवढीच लागली असती. दहा बावन्नला निघाल्या असत्या, तर बारा वाजून दोन मिनिटांनी त्या ह्याच दारात उभ्या असत्या आणि आतून आवाज आला असता, ये गं, लोटलंय नुसतं.